तांबडं सोनं, निळं सोनं

सोनं पिवळं असतं ही गोष्ट सराफाच्या दुकानापुरती खरी. रसायनशाळेत ते बहुतेक वेळा तांबडं असतं.

ते तांबडं होताना बघण्यासारखं असतं. काचेचा फ्लास्क आधी अम्लराजाने, म्हणजे सोन्यालाही विरघळवणाऱ्या आम्लमिश्रणाने, धुऊन घ्यायचा. मागच्या घाण्यातला एखादा कण काचेला चिकटून राहिला तरी नवा घाणा बिघडतो. मग शुद्ध पाणी आणि त्यात सोन्याचा क्षार. रंग फिकट पिवळा. हॉटप्लेटवर द्रावणाला उकळी फुटली, तळाशी चुंबकाची कांडी गरगर फिरू लागली, की सायट्रेटचं, म्हणजे लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचं, द्रावण एका दमात ओतायचं. आधी पिवळेपणा जातो. मग द्रव काळपट निळा होतो आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला वाटतं, बिघडलं. थोडं थांबलं की त्यातूनच जांभळी आणि पुढे स्वच्छ लाल छटा वर येते. शेवटी फ्लास्कमध्ये उरतं ते थेट कोकम सरबताच्या रंगाचं सोनं.

प्रिन्स्टनच्या जॉन टर्केविच यांनी १९५१ साली ही कृती तपशीलवार मांडली आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती जवळपास तशीच चालते. लिटरभर द्रवात सोनं असतं जेमतेम एक पंचमांश ग्रॅम. या द्रवातून जंतू आणि विषं ओळखणाऱ्या चाचण्या बनतात, त्यांच्याकडे पुढे येऊच; पण ‘सोन्याची चाचणी म्हणजे खर्चिकच असणार’ ही शंका इथेच निकालात निघते. या चाचण्यांत खर्च होतो तो इतर गोष्टींवर.

एकेक कण साधारण १३ नॅनोमीटरचा, त्यात पासष्ट-सत्तर हजार अणू. एवढ्याशा कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकदम हेलकावे खातात आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. आपल्याला दिसतो तो लाल. दोन कण इतके जवळ आले की मधली फट कणाच्या व्यासापेक्षाही लहान झाली, तर त्यांचे हेलकावे एकमेकांत गुंततात. मग गिळला जाणारा प्रकाश तांबड्याकडे सरकतो आणि द्रव निळा-जांभळा दिसू लागतो. कण सुटे असले तर लाल, गोळा झाले तर निळे. पुढची सगळी कथा या एका गोष्टीवर उभी आहे. मायकेल फॅरडेने १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे अशा लाल द्रवांवर व्याख्यान दिलं होतं आणि त्यात मीठ पडलं की रंग निळ्याकडे जातो, हेही त्याने नोंदवून ठेवलं होतं. (आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी सुवर्णभस्माचं नाव काढतंच. भस्मात सोन्याचे सूक्ष्म कण असतात हे खरं. पण त्यांना निरोप वाचायला कोणी शिकवलं नव्हतं.)

निरोप वाचायला शिकवलं ते १९९६ साली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टच्या ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध पाठोपाठच्या पानांवर छापून आले. एक शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या चॅड मर्किन यांच्या गटाचा, दुसरा बर्कलीच्या पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाचा. दोघांनीही डीएनएचे तुकडे सोन्याच्या कणांना बांधून दाखवले होते. मर्किन यांच्या निबंधावर आणखी एक नाव होतं, रॉबर्ट लेट्सिंगर. हे गृहस्थ तेव्हा पंचाहत्तरीला आले होते. प्रयोगशाळेत घन आधारावर एकेक अक्षर जोडत डीएनए तयार करण्याच्या कामाचा पाया ज्यांनी साठच्या दशकात घातला, त्यांतले ते एक. म्हणजे डीएनए हवा तसा लिहिणारा आणि कण घडवणारा, दोघे एकाच विद्यापीठात होते. या क्षेत्राचा जन्म तिथे व्हावा यात नवल नाही.

कल्पना सोपी आहे. डीएनएत ए समोर टी आणि जी समोर सी येतो. समजा, एखाद्या जंतूच्या डीएनएतला पंचवीस-तीस अक्षरांचा ठरावीक मजकूर शोधायचा आहे. त्याच्या अर्ध्या भागाला पूरक असलेले धागे काही कणांवर लावायचे, उरलेल्या अर्ध्याला पूरक असलेले दुसऱ्या कणांवर. धाग्याच्या टोकाला गंधकाचा अणू ठेवायचा. गंधक सोन्याला घट्ट धरतं. दोन्ही कण एकत्र केले तरी द्रव लालच राहतो. शोधायचा धागा त्यात आला की त्याचं एक टोक एका कणाला, दुसरं दुसऱ्याला बिलगतं, कण गोळा होतात, लालाचं निळं होतं. तापवलं की धागे सुटतात, पुन्हा लाल. एका कणावर शंभराच्या आसपास धागे असल्याने ही सोडवणूक हळूहळू न होता अगदी थोड्या अंशांच्या फरकात होते, आणि मजकुरात एका अक्षराची जरी चूक असली तरी कण कमी तापमानालाच सुटतात. नॉर्थवेस्टर्नच्याच गटाने १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे दाखवलं, तेव्हा एका अक्षराचा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो या गोष्टीने रसायनशास्त्रज्ञ हरखून गेले. हरखण्यासारखंच होतं ते.

हे धागे कणावर बसवणं मात्र किचकट काम. सायट्रेटमुळे सोन्यावर ऋण भार असतो, डीएनएवरही ऋण भार. दोघं एकमेकांना ढकलतात. मीठ घातलं तर ही ढकलाढकल कमी होते, पण एकदम घातलं तर फॅरडेच्या नोंदीप्रमाणे सोनंच गोळा होऊन बसतं. म्हणून वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की मीठ चिमूट-चिमूट, दीड-दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने घालायचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या ज्युवेन लिऊ यांच्या गटाने २०१७ साली एक गंमतच केली. गंधक लावलेला डीएनए आणि सोनं एका नळीत मिसळलं आणि नळी फ्रीजरमध्ये ठेवली. पाण्याचा बर्फ होताना स्फटिक बाकी सगळ्याला बाहेर ढकलतात. सोनं, डीएनए आणि मीठ उरलेल्या चिंचोळ्या द्रवात दाटीवाटीने कोंबले जातात आणि दोन दिवसांचं काम बर्फ होता होता उरकतं. नळी वितळली की द्रव पुन्हा लाल. नुसतं सोनं, डीएनएशिवाय गोठवलं तर वितळल्यावर तो लाल रंग काही परत येत नाही. मला या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत आवडता प्रयोग हाच. नवं रसायन नाही, नवं यंत्र नाही.

आता थोडा हिशोब, कारण हिशोबाशिवाय या विषयावर बोलणारे लोक फार आहेत. १९९७ च्या त्या चाचणीला रंग बदलायला साधारण १० फेम्टोमोल डीएनए लागत असे. म्हणजे सुमारे ६०० कोटी धागे. त्या वर्षी पृथ्वीवर माणसं साधारण तेवढीच होती. उलट क्षयाचं निदान करायचं तर थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये शे-दीडशे जिवाणू असले तरी ते सापडायला हवेत. मधली दरी भरून काढते ती पीसीआर: एकाचे दोन, दोनाचे चार करत तीस फेऱ्यांत एका धाग्याच्या शंभर कोटींहून जास्त प्रती. पण पीसीआर आली की यंत्र आलं, वीज आली, प्रशिक्षित माणूस आला. मग नुसत्या डोळ्यांनी रंग बघण्याची मौज कशासाठी, असा प्रश्न उरतो.

नॉर्थवेस्टर्नच्या गटाला हे पुरतं ठाऊक होतं. २००० साली त्यांनी काचपट्टीवर अडकलेल्या सोन्याच्या कणांवर चांदीचा थर चढवून ते साध्या ऑफिसातल्या स्कॅनरने वाचून दाखवले. संवेदनशीलता कित्येक पटींनी वाढली. याच वाटेवर नॅनोस्फिअर नावाची कंपनी उभी राहिली, तिच्या व्हेरिजीन यंत्राला २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन रुग्णाला किती मानवेल हे जनुकांवरून सांगणारी ती चाचणी. पुढे रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या चाचण्या आल्या. २०१६ मध्ये ल्युमिनेक्सने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे डीएनए बांधलेलं सोनं रुग्णालयात पोचलं खरं, पण बंद डब्यात, चांदीच्या थराखाली, प्रकाशमापकाच्या नजरेसमोर. ज्या रंगामुळे सगळे हरखले, तो रंग तिथे कोणी बघतच नाही.

सामान्य घरात सोन्याचे कण आधीपासून आहेत. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गरोदरपणाच्या पट्टीवरची गुलाबी रेघ बहुतेक वेळा सोन्याच्याच कणांची असते. मात्र तिथे सोन्याला प्रतिपिंडं बांधलेली असतात, डीएनए नव्हे. डीएनए शोधून पट्टीवर रेघ उमटवणारी आपल्याकडची गाजलेली चाचणी म्हणजे दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतल्या देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांची ‘फेलुदा’. सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचं नाव तिला दिलं होतं. टाटा समूहाने ती बाजारात आणली, सप्टेंबर २०२० मध्ये औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. पट्टी वाचायला सोपी, पण पट्टीवर येण्याआधी करोना विषाणूच्या आरएनएच्या प्रती वाढवाव्या लागतच. दरी भरल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही, हे तिथेही सुटलं नाही.

पुण्याचाही या कथेत वाटा आहे, आणि तो लवकरचा आहे. पाषाणच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि कृष्णा गणेश यांच्या गटांनी, पुणे विद्यापीठातल्या सी. व्ही. धर्माधिकारी यांच्या साथीने, लायसिन या अमिनो आम्लाचं आवरण दिलेलं सोनं डीएनएच्या धाग्यावर ओळीने बसवून दाखवलं, ते २००१ साली. इथे गंधकाची गरज नव्हती. आवरणाचा धन भार डीएनएच्या ऋण भाराला धरत होता. याच शास्त्रींच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी चपटे कण बनवले, तो निबंध ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. त्यानंतर देशातल्या अंगणांतलं एकही पान सुटलं नाही. तुळस, कडुनिंब, कोरफड, शेवगा... प्रत्येकाचा अर्क, प्रत्येकाचे कण, प्रत्येकाचा निबंध. मूळ काम उत्तम होतं. मागून आलेल्या लोंढ्याबद्दल तसं म्हणवत नाही.

निबंधांच्या अशा लोंढ्याचं काय होतं याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या शेजारच्या विहिरींशी संबंधित आहे.

डीएनए केवळ डीएनएलाच ओळखतो असं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत दोन गटांनी, कोलोरॅडोत क्रेग ट्युर्क व लॅरी गोल्ड यांनी आणि बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टाक यांनी, एक युक्ती काढली. अक्षरं वाटेल तशी जुळवलेले आरएनएचे प्रचंड संख्येतले धागे घ्यायचे, आपल्याला हव्या त्या रेणूला जे चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती काढून पुन्हा तेच. दहा-बारा फेऱ्यांनंतर त्या रेणूला घडी घालून धरणारे धागे हाती येतात. त्यांना अ‍ॅप्टामर म्हणतात. ही युक्ती लवकरच डीएनएवरही चालू लागली. पुढे २००४ मध्ये रॉचेस्टरच्या हुइशियांग ली आणि लुईस रॉथबर्ग यांनी दाखवलं की एकेरी डीएनए साध्या सोन्यावर नुसता लोळत पडला तरी सोन्याचं मिठापासून रक्षण होतं. झालं! सोनं, मीठ आणि अ‍ॅप्टामर, एवढ्या तीन बाटल्यांवर चाचणी उभी राहू लागली. शोधायचा रेणू आला की तो अ‍ॅप्टामरला सोन्यावरून ओढून घेणार, सोनं उघडं पडणार, मीठ त्याचं निळं करणार. गंधक नको, दोन दिवस नकोत.

२००९ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने आर्सेनिक धरणारा शंभर अक्षरांचा डीएनए अ‍ॅप्टामर जाहीर केला. व्हिएतनामच्या भूजलातून आर्सेनिक काढण्यासाठी. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातल्या कूपनलिकांचं दुखणं ज्यांना माहीत आहे त्यांना हा शोध किती मोलाचा वाटला असेल ते वेगळं सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाण्याचा थेंब टाकून रंग बघता आला तर गावोगावी नळी नेता येईल. या अ‍ॅप्टामरवर चाचण्यांचे दोन डझनांहून जास्त निबंध निघाले. अनेकांत सोन्याचे कण होते, रंग बदलत होता, आलेख सरळ रेषेत येत होते.

२०१९ मध्ये त्याच फ्रीजरवाल्या लिऊ यांच्या प्रयोगशाळेने साधी गोष्ट केली. अ‍ॅप्टामरच्या शेजारी वाटेल त्या अक्षरांचे काही डीएनए ठेवले आणि दोन्हींवर तीच मोजमापं घेतली: उष्णतेची, रंगद्रव्याची, सोन्याची. फरक काहीच नाही. ‘अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री’त छापलेल्या त्या निबंधाचं शीर्षकच असं आहे की आर्सेनिक धरणारा अ‍ॅप्टामर आर्सेनिक धरूच शकत नाही. मग रंग का बदलत होता? आर्सेनिक स्वतःच सोन्याला चिकटतं आणि डीएनएचं सोन्याशी असलेलं नातं बिघडवतं, असा त्यांचा अंदाज. अंदाज बाजूला ठेवला तरी डझनावारी निबंध लिहिणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी, छापणाऱ्यांनी दहा वर्षं एक निरर्थक धागा शेजारी ठेवून पाहिला नाही, हे उरतंच. त्याला काही शे रुपये लागले असते.

म्हणून या क्षेत्रातलं सगळं खोटं, असं कोणी समजू नये. शिशाचं उदाहरण घ्या. इलिनॉयच्या यी लू यांच्यासोबत हेच ज्युवेन लिऊ तेव्हा विद्यार्थी म्हणून काम करत होते. त्यांनी २००३ मध्ये शिसं असलं तरच दुसऱ्या धाग्याला कापणारा डीएनए सोन्यावर बसवला. धागा शाबूत तोवर कण गोळा, रंग निळा. शिसं आलं की धागा तुटतो, रंग लाल. हे काम पक्कं आहे, पुन्हा पुन्हा पडताळलेलं आहे. आणि शिसं हा आपल्या स्वयंपाकघरातला विषय आहे: हळकुंडाला चकाकी यावी म्हणून चोळलं जाणारं पिवळं लेड क्रोमेट. बांगलादेशात लोकांच्या रक्तातलं शिसं हळदीतूनच येतंय, हे स्टॅनफर्डच्या जेना फोर्सिथ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. मग तिथल्या सरकारने बाजारांत छापे घातले.

छाप्यांत निरीक्षकांच्या हातात काय होतं? क्ष-किरणांची बंदूक. लाखो रुपयांचं यंत्र, पण हळदीवर रोखलं की तिथल्या तिथे आकडा येतो. डीएनए आणि सोन्याची नळी का नव्हती, याचं उत्तर कोणत्याही स्वयंपाकघरात मिळेल. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; आधी आम्लात काढावं लागतं. आम्लात ना हा डीएनए काम करतो ना सोन्याचे कण सुटे राहतात, म्हणून आम्ल मारायचं, पातळ करायचं. आणि हळदीचा स्वतःचा पिवळा रंग? लाल-निळं ओळखायचं कसं? नळीत थेंब टाकायच्या आधीच प्रयोगशाळा उभी करावी लागते.

यी लू यांनाच पुढे हे कळून चुकलं असावं. त्यांच्या कंपनीने पाण्यातलं शिसं मोजणारं हातातलं यंत्र विकलं, तेव्हा त्यात सोनं नव्हतं, चमकणारं रंगद्रव्य होतं. आणि २०११ मध्ये त्यांनी यू शियांग यांच्यासह आणखी साधा मार्ग सुचवला: घरोघरी असलेला ग्लुकोमीटर. चुंबकीय मण्यांवर डीएनए, त्या डीएनएला साखर फोडणारं इन्व्हर्टेज हे विकर अडकवलेलं. शोधायचा पदार्थ आला की विकर सुटतं. मणी चुंबकाने बाजूला ओढायचे, उरलेला द्रव उसाच्या साखरेच्या पाण्यात टाकायचा. साखरेचं ग्लुकोज झालं की शुगरच्या पट्टीवर थेंब आणि आकडा हजर. ज्या देशात शुगर चेक करणं हा सकाळच्या चहाआधीचा नेम झालाय, तिथे ही कल्पना मला फार डोकेबाज वाटते. अडचण तीच, ज्यात पदार्थ शोधायचा त्या नमुन्याची. रक्तात मुळातच ग्लुकोज असतं. ते वजा कसं करायचं, हे आधी सोडवावं लागतं.

नमुना ही अडचण सोडवली तर काय होतं ते गोव्यातल्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅटने दाखवलं. त्यात सोन्याचा चमत्कार नाही, छोट्या चिपवरची पीसीआर आहे. पण यंत्रं दोन आहेत. त्यातलं एक फक्त थुंकीतून डीएनए काढून स्वच्छ करण्यासाठी. त्यालाच वीस मिनिटं जातात. दोन्ही बॅटरीवर चालतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतात, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या निदानासाठी या चाचणीला मान्यता दिली. अर्धं यंत्र नमुन्यासाठी! प्रयोगशाळेत स्वच्छ बफरमध्ये, म्हणजे मोजूनमापून बनवलेल्या क्षारांच्या पाण्यात, रंग बदलणाऱ्यांना हा अर्धा भाग दिसतच नाही, आणि निबंधात त्याचं वर्णन दोन ओळींत उरकतं.

माझं मत स्पष्ट आहे. ओळखण्याची रीत, म्हणजे डीएनए कसा बांधायचा आणि रंग कसा बदलायचा, हा भाग बऱ्याच अंशी सुटला आहे. तरी विद्यापीठांत पीएच. डी. चे विषय बहुतेक तिथेच अडकलेले दिसतात, कारण तिथे निबंध लवकर निघतो. थुंकी पातळ करणं, दुधातली चरबी बाजूला करणं, हळदीतलं शिसं पाण्यात आणणं, विहिरीच्या पाण्यातलं लोह आड येऊ न देणं, या कामांना प्रतिष्ठा कमी आणि वेळ जास्त.

तेव्हा ‘पाच मिनिटांत, पाच रुपयांत निदान’ अशी बातमी वाचलीत तर चाचणी खऱ्या रक्तावर, खऱ्या पाण्यावर झाली की बाटलीतल्या बफरवर, हे आधी शोधा; किती रुग्णांवर झाली आणि शेजारी निरर्थक धागा ठेवून पाहिला होता का, हेही. आणि घरात रसायनशास्त्र शिकणारं कोणी असेल तर त्याला सांगा, ओळखणारा नवा धागा शोधणारे भरपूर आहेत. नमुना तयार करण्याची सोपी, स्वस्त रीत शोध. त्या कामाला माणसं हवी आहेत.